दस्तीखालचा भाव

दादांची मोटार विकायची ठरली तेव्हा मी लातूरच्या भूसंपादन कार्यालयात होते. म्हणजे वस्तूची रास्त किंमत ठरवणं ही माझी नोकरीच होती. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कॉलन्या, नवे रस्ते आणि या सगळ्यांखाली जाणारी कुणाची तरी जुनी जमीन. ती काय भावाची हे आम्ही कागदावर ठरवायचो. शेजारच्या शेताची विक्री बघायची, विहीर असली तर वाढवायचं, खडक असला तर कापायचं. जमीनवाला येऊन शिव्या द्यायचा. मी त्याला बसायला खुर्ची द्यायचे, दुष्काळ असूनही अर्धा पेला पाणी द्यायचे आणि दर तोच ठेवायचे.

दादा म्हणजे माझे वडील, लिंबाजी. राहायचे लातूरजवळच्या मुरुडला, बौद्धवाड्यात. तीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर होते, पण त्यांची मोटार एस.टी.च्या आधीची. एम.जी. कंपनीची विलायती स्पोर्ट्‌स कार, दोनच माणसं बसतील अशी. लांबलचक नाक, सायकलीसारखी तारांची चाकं, कापडी टप, आडवी पाडता येणारी काच आणि उलट्या बाजूनं उघडणारी दारं. निजामाच्या शेवटच्या दिवसांत एका जहागीरदाराच्या मुलानं ती हैदराबादेत घेतली होती, आणि दादा तिच्यावर ड्रायव्हर होते. पुढं जहागिरी गेली. मुलगा विलायतेला निघाला. जाताना ही गाडी लिंबाजीशिवाय कुणाच्या हातानं चालूच होत नाही, तेव्हा त्यालाच असू द्या, असं म्हणून कागद रीतसर करून देऊन गेला. अख्ख्या मराठवाड्यात मालकाची एवढी चांगली गोष्ट मी दुसरी ऐकलेली नाही, म्हणून सांगून टाकते.

तेव्हापासून ती पत्र्याच्या शेडात होती. वर्षातून एकदा, भीमजयंतीला, बाहेर निघायची. दुसऱ्या गावांत मिरवणुकीला बैलगाडी असायची, फार तर ट्रॅक्टर. आमच्याकडं स्पोर्ट्‌स कार. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडं असंच असतं.

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मुरुडच्या विहिरींत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, टँकर यायचा. दादा एकटे होते, आई जाऊन बरीच वर्षं झालेली. एका दुपारी टँकरच्या रांगेत उभ्या उभ्या ते कोसळले. शेजारच्या केवळाबाईनं त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि नंतर मला निरोप धाडला. त्यात दादांची तब्येत किती सुधारली हे जसं होतं, तसं पाणी किती गेलं हेही होतं. मी धावत गेले. दादा बाजेवर पडून होते आणि शेडात मोटारीच्या रेडिएटरमध्ये पाणी भरलेलं होतं. टँकरच्या पाण्यातला तांब्याभर वाटा त्या मोटारीचाही असायचा, हे मला तेव्हा कळलं. मी भयंकर चिडले.

"लातूरला चला," मी म्हटलं. "क्वार्टर आहे, एक दिवसाआड का होईना नळ येतो."

"येतो की," दादा म्हणाले. "गाडी मार्गी लागू दे."

"मग विकून टाका."

"इकतो. पण भावात इकीन. आज्याचा बैल करणार न्हाई."

आमच्या घरात ही म्हणच होती. माझ्या आज्यानं, ग्यानोबानं, एकदा सगळ्या बाजारात उठून दिसेल असा खोंड विकायला नेला आणि निम्म्या किमतीत देऊन आला. दादा तेव्हा पोरसवदा, कासरा धरून सोबत होते. आजा लाजाळू होता, त्याला भाव करता यायचा नाही, अशी ती गोष्ट आई हसत हसत सांगायची. तेव्हापासून घरात काही स्वस्तात गेलं की 'झाला आज्याचा बैल' म्हणायचं. दादा मात्र ही गोष्ट स्वतः कधी सांगायचे नाहीत, आणि कुणी सांगायला लागलं की उठून जायचे.

तर भाव काढायचा होता. मला वाटलं, हे तर माझंच काम. पण शेजारच्या शेतावरून भाव काढायचा, तर इथं शेजारचं शेतच नव्हतं. लातुरात जो तो मोटारीची किंमत आत बसणाऱ्या माणसांवरून करायचा. जीपमध्ये वीस माणसं कोंबता येतात, म्हणून जीप महाग. हिच्यात दोन बसणार, तीही एकमेकांना खेटून. "मॅडम, हिच्यात पेंडीचं पोतं बी मावंना," असं एका गॅरेजवाल्यानं मला मोठ्या सहानुभूतीनं सांगितलं.

माझे मिस्टर नांदेडला बँकेत होते. त्यांनी ओळख काढली आणि आम्ही दोघं हैदराबादला गेलो. तिथं जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला मी फोटो दाखवले. त्यानं फोटो पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "चालू है?" मी म्हटलं, चालू आहे. मग त्यानं चहा मागवला. तसली चालू गाडी, इंजिन मूळचं असेल तर, त्याच्याकडून पन्नास हजाराला गेली होती. पण हिचा पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो, तो सांगाडा बघा, वाळवी लागली असली तर दहा हजार सोडून द्या, असं तो म्हणाला. टप फाटलेला आणि टायर जुने असले तर आणखी पाच.

मी मुरुडला येऊन दारांच्या कडा टोकरून पाहिल्या. डाव्या दाराचं लाकूड बोटानं भुगा होत होतं, टप फाटका आणि टायर जुने तर होतेच. म्हणजे पस्तीस हजार. मी दोनतीन वेगवेगळ्या बाजूंनी हिशेब करून पाहिला, तरी तेवढाच आला. त्या दिवसांत कोरी करकरीत छोटी मोटार पन्नास हजाराच्या आत यायची, आणि वाळवी लागलेल्या जुन्या दोन सीटांना पस्तीस! पण रास्त ते रास्त. मी दादांना आकडा सांगितला. त्यांनी बॉनेटवरून फडकं फिरवत मान हलवली.

"मला बी तेवढाच वाटत होता," ते म्हणाले.

आकडा पटला, आता गिऱ्हाईक आलं की झालं, असं मी धरून चालले.

गिऱ्हाइकं आली. पहिला एक ठेकेदार होता, नव्या जिल्ह्याच्या बांधकामांवर गब्बर झालेला. त्यानं टायरला लाथ मारली आणि गल्लीत उभा राहून ओरडला, "काय किलोनं द्यायची?" दुसऱ्याला वरातीसाठी पाहिजे होती. तो दारातूनच म्हणाला, "सहा हजार, लिंबाजी. काढ बाहेर." आमच्या गल्लीत काही व्हायचं म्हटलं की पन्नास माणसं गोळा व्हायची, त्यात दुष्काळ, कुणाला काही काम नाही. प्रत्येक भाव सगळ्यांच्या समोर व्हायचा आणि प्रत्येक भावाला कुणीतरी खिदळायचं. दादा "न्हाई" म्हणायचे आणि गाडीवर ताडपत्री ओढायचे.

गिऱ्हाईक विचारायचं, "मग तुमीच सांगा ना किती?" दादांनी एकदा सांगितलं नाही, दोनदा सांगितलं नाही. तिसऱ्या खेपेला मलाच राहवलं नाही. मी म्हटलं, "पस्तीस हजार."

 मग असं हसू उठलं की शेडाचे पत्रे हादरले म्हणायचे. गिऱ्हाईक तर पोट धरून हसत होतं. "पस्तीस हजार! आन् सोनं कुटं बशिवलंय, इंजनात का डिकीत?" पलीकडच्या आळीतली चार माणसं पाराशी बसलेली होती, त्यांतला एक म्हणाला, "बौद्धवाड्याचा भाव लईच चढलाय की गड्या." हे वाक्य हसत हसत म्हटलेलं होतं, पण ते मोटारीबद्दल नव्हतं. दादांनी ताडपत्री ओढली आणि आत निघून गेले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई," केवळाबाई मला म्हणाली. "तू उघडून दावलीस."

दुसऱ्या दिवसापासून दादांचं नाव 'पस्तीस हजार' पडलं. टँकरच्या रांगेत, हॉटेलात, एस.टी.स्टँडवर. तीस वर्षं ज्या माणसानं एकही गाडी कशाला घासली नव्हती, त्याला कालची पोरं 'काय पस्तीस हजार, जेवलाव का?' विचारायची. दादा पाणी आणायला जायचेच बंद झाले. केवळाबाई तिच्या घागरीतलं द्यायची. आता मला खरी भीती वाटायला लागली. हा माणूस त्या शेडात, त्या मोटारीपाशी तहानेनं मरेल, आणि तरी विकणार नाही.

मग मी शिवमूर्ती अप्पांना गाठलं. हे निलंग्याचे. यांचे वडील हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. अप्पांनी बैल सोडून जुन्या जीपा नि ट्रॅक्टर धरले होते, लातुरात गंजगोलाईच्या बाजारपेठेपलीकडं त्यांचा मोठा वाडगा, म्हणजे कुंपणाचं आवार, होता. व्यवहाराला चोख माणूस, असं सगळे सांगायचे. मी त्यांना माझ्याबरोबर मुरुडला घेऊन गेले.

अप्पा इतरांसारखे नव्हते. ताडपत्री काढली तसे ते बोलायचेच थांबले. धोतराचा सोगा खोचून खाली वाकले, तारा मोजल्यासारखी बोटं फिरवली, दाराचं लाकूड दाबून पाहिलं, इंजिनावरचा नंबर पुसून वाचला. दादांनी गाडी चालू केली. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. हा माणूस घेणार, आणि भावात घेणार, हे मला त्यांच्या पाठीवरून दिसत होतं.

मग ते शेडातून बाहेर आले, गल्लीत उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बावीस देतो, लिंबाजी."

गल्लीत 'आं' झालं. सहावरून बावीस. दादा म्हणाले, "न्हाई."

"चोवीस. आता बोलू नको."

दादा खरंच काही बोलले नाहीत. ताडपत्री ओढून आत गेले.

परतताना आम्ही अप्पांच्या जीपमध्ये होतो. मी म्हटलं, "अप्पा, तुम्हाला ठाऊक आहे ती जास्तीची आहे."

"हाय की," ते सरळ म्हणाले. "पर चारचौघांत बोललेला भाव मला लई वर नेता येत न्हाई, ताई. लोक बघायलेत. उद्या बाजारात म्हणतील, शिवमूर्तीला लिंबाजीनं गुंडाळला. माझा धंदाच बसंल."

मला ते पटलं. पटलं म्हणूनच आणखी वैताग आला. मनात म्हटलं, बाप हट्टी, गिऱ्हाईक अडलेलं, आणि मध्ये मी. घोडं पेंड कुठं खातंय, हे काही कळेना.

दोन-तीन दिवसांनी कचेरी सुटल्यावर मी अप्पांच्या वाडग्यात गेले, आणखी एकदा बोलून बघावं म्हणून. तिथं एका ट्रॅक्टरचा सौदा चालला होता. रेणापूरकडचा कुणी पाटील घेणार होता. तो आणि अप्पा बाकड्यावर समोरासमोर बसले होते, दोघांचे उजवे हात पुढं, आणि हातांवर अप्पांची दस्ती टाकलेली. आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात. दस्ती हलत होती. तोंडानं दोघं पावसाबद्दल बोलत होते. सोबतची चार माणसं कडेला बिडी ओढत उभी होती, त्यांना काही कळायचा प्रश्नच नव्हता. मग पाटील हसला, दस्ती निघाली, सौदा झाला.

मी लहानपणी बैलबाजारात हे लांबून पाहिलेलं होतं. पण ते बैलांचं. मी विचारलं, "ट्रॅक्टरलाही दस्ती लागते का, अप्पा?"

"मंग? भाव चव्हाट्यावर करत असतेत का, ताई?" अप्पा दस्तीची घडी करत म्हणाले. "झाकून असला की माणूस मोकळं मागतो, समोरचा मोकळं देतो. कुणी वर गेला, कुणी खाली आला, कुणाची लाज जात न्हाई. बोटं धरायची, दाबायची. बापानं शिकिवलं."

"आमच्या दारात तर चव्हाट्यावर केलात."

ते सहज बोलून गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, ते मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "तुमच्या लोकांचा सौदा पहिल्यापासून तोंडीच की. बाप सांगायचा, यांचा हात दस्तीखाली घ्यायचा न्हाई. लांबून बोलायचं. ती आपली सवय पडलेली. त्यात काही..."

आणि तिथं ते थांबले. माझा चेहरा काय झाला होता मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांपुढं तो खोंड आला, जो मी कधी पाहिला नव्हता. बाजारभर माणसं दस्त्यांखाली भाव करताहेत, आणि माझा आजा कासरा धरलेल्या पोराला घेऊन मध्ये उभा आहे, आणि त्याच्या बैलाचा भाव लांबून, ओरडून होतो आहे. त्यानं पुरा भाव मागायचा तर सगळ्यांच्या समोर मागायचा. महारानं सगळ्यांच्या समोर पुरा भाव मागितला की काय होतं, ते मी माझ्या गल्लीत ऐकलं होतं. आजा लाजाळू नव्हता. आणि आम्ही इतकी वर्षं घरात बसून त्यालाच हसत आलो होतो.

मी तशीच अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"ही सवय तुम्ही नाही काढलीत ना?" मी म्हटलं.

"न्हाई हो. आधीपासूनची हाय."

"कलेक्टर कचेरी आधीपासून नव्हती, अप्पा. तो बायपास नव्हता. मी स्वतः लोकांची शेतं मोजून तो काढलाय. आधीपासूनचं मोडायचा मला पगार मिळतो." माझा आवाज चढला होता, बिडी ओढणारी माणसं बघत होती. "गाडी पाहिजे का तुम्हाला?"

"पाहिजे की."

"मग माणसासारखा भाव करायला या."

आता हा माणूस मला हाकलून देईल असं मला वाटलं. अप्पा हातातल्या घडीकडं बघत बसले. पन्नाशी उलटलेला माणूस, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. एवढ्या वेळात त्यांनी ती घडी उलगडून पुन्हा घातली.

"आईतवारी येतो," ते म्हणाले.

दादांना मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, अप्पा पुन्हा येताहेत. दादा म्हणाले, "बोलला की त्यो एकदा." पण रविवारी सकाळी बघते तर त्यांनी दाढी केली होती.

अप्पा आले. गल्ली जमली. 'पस्तीस हजार'चं काय होतंय हे बघायला पलीकडची आळीही आली होती. अप्पांनी या वेळी गाडीकडं पाहिलंच नाही. शेडासमोर लिंबाखाली बाज होती, तिच्यावर जाऊन बसले आणि दादांना म्हणाले, "बसा." मग खिशातून दस्ती काढून मांडीवर पसरली आणि हात पुढं केला.

 या वेळी कुणीच हसलं नाही.

दादा बसले. दस्तीकडं बघत राहिले, पण हात काही पुढं करेनात.  मला वाटलं, आता उठणार, ताडपत्री ओढणार आणि कायमचं संपणार. दादा खरंच उठले. आत गेले. मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्वतःची दस्ती होती. एस.टी.त असताना मानेला गुंडाळायचे ती, पांढरी, स्वच्छ धुतलेली. त्या दुष्काळात कापड धुणं म्हणजे चैनच. म्हणजे ती केव्हातरी आधीच धुऊन ठेवलेली होती.

"दस्ती माझी," दादा म्हणाले.

अप्पांनी आपली दस्ती उचलून खिशात घातली. "तुमची तर तुमची."

दादा बाजेवर बसले, हात पुढं केला, अप्पांनी आपला हात त्यांच्या हातात दिला आणि दादांनी डाव्या हातानं वर दस्ती टाकली.

पुढं काय झालं ते मी इतरांइतकंच पाहिलं, म्हणजे काही नाही. दस्ती जराशी हलली. मग थांबली. अप्पांची भुवई वर गेली, खाली आली. दादांचा चेहरा घाटात एस.टी. चालवताना असायचा तसा होता, समोर बघणारा. अप्पा म्हणाले, "यंदा तरी पडंल म्हणतेत." दादा म्हणाले, "पडाय पाहिजे." दस्ती पुन्हा हलली. केवळाबाईनं चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. माणसं टाचा उंच करून बघत होती, जणू उंचावरून कापडाच्या आतलं दिसणार होतं. "तीस झाले असतील," कुणीतरी कुजबुजलं. आणि त्या आवाजात थट्टा नव्हती, हे मी कान देऊन ऐकलं.

किती वेळ गेला! मला वाटलं, दादा एकेका हजारासाठी भांडताहेत. आज्याचंही वसूल करताहेत. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि थोडी अप्पांची दयासुद्धा आली.

शेवटी दादांनी दस्ती उचलली. "दिली," ते म्हणाले.

"घेतली," अप्पा म्हणाले, आणि उठताना छातीशी हात नेऊन, लिंगायतांत नमस्कार करतात तसे म्हणाले, "शरणार्थ."

"जय भीम," दादा म्हणाले.

गल्लीनं मला घेरलं. किती, किती? मला तरी काय माहीत. मी दादांना विचारलं. ते दस्तीची घडी करत होते. "दस्तीखालचं इचारायचं नसतं," ते म्हणाले, आणि गल्लीसमोर मला असं गप्प करताना त्यांना इतका आनंद झाला होता की मी खरंच गप्प बसले. पैसे आले तेव्हा बँकेत मलाच भरायचे होते, त्यामुळं मला कळलंच. पस्तीस होते. माझाच आकडा. मुरुडात मात्र आजही कुणाला माहीत नाही. कुणी अठ्ठावीस सांगतं, कुणी पन्नास, आणि 'पस्तीस हजार' हे नाव त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही.

गाडी पोचवायची आणि दादांनी लातूरला यायचं, ही दोन्ही कामं आम्ही एकाच फेरीत केली. मागं दादांची पेटी बांधली. केवळाबाईनं रेडिएटरमध्ये स्वतःच्या घागरीतलं पाणी ओतलं, आणि किती ओतलं हेही सांगितलं. मी शेजारी बसले. काच आडवी पाडून दादांनी मुरुड ते लातूर अशी गाडी आणली की रस्त्यावरच्या एस.टी.च्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. मी पहिल्यांदाच तिच्यात भीमजयंती सोडून दुसऱ्या दिवशी बसले होते. मला रडू येत होतं, पण वाऱ्यात कळत नव्हतं, ते बरं झालं.

वाडग्यात दादा अप्पांच्या माणसाला गाडी चालू करायची युक्ती दाखवायला गेले. चोक किती ओढायचा, कान कुठं द्यायचा. अप्पा नि मी बाकड्यावर बसलो होतो, त्याच, जिथं मी ओरडले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "बरंच तंगवलं ना दादांनी तुम्हाला? कितीवर होतात तुम्ही सुरुवातीला?"

अप्पा माझ्याकडं बघायला लागले.

"कुटलं तंगवलं, ताई? दस्ती टाकली, लिंबाजीरावांनी पहिल्या डावालाच तीन बोटं दाबली, मग पंजा. पस्तीस. मी मनात म्हणलं, रास्त हाय, आन् बोट दाबून कबूल केलं. भाव तर तिथंच झाला."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं?"

पलीकडं इंजिन चालू झालं. दादा वाकून त्याचा आवाज ऐकत होते. अप्पांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडं.

"त्यांनी हात सोडला न्हाई," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"म्या काय करणार? बसलो की धरून."